युद्ध, कॅमेरा आणि गवाही

उर्दू शिकवताना आम्हाला एक सवय लागली आहे. शब्द समोर आला की आधी त्याचे मूळ शोधायचे. अरबीतून आलेल्या बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन अक्षरे असतात आणि त्या तीन अक्षरांतून शब्दांचे अख्खे कुटुंब जन्माला येते. शीन, हे आणि दाल या अक्षरांचे कुटुंब असेच मोठे आहे. ‘मुशाहिदा’ म्हणजे डोळ्यांनी पाहणे, निरीक्षण करणे. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार. ‘शहादत’ म्हणजे साक्ष, आणि शहादत म्हणजे हौतात्म्यही. ज्या कलम्याने माणूस ईमानाची कबुली देतो, तोही कलमा-ए-शहादतच. पाहणे, पाहिलेले सांगणे आणि सांगण्यापायी जीव गमावणे, या तिन्ही गोष्टी भाषेने एकाच घरात ठेवल्या आहेत. पण एका घरातली माणसे सारखी नसतात. मुशाहिदा आणि शहादत यांच्यातही मोठे अंतर आहे. त्या अंतराचा विचार करायला आम्हाला एका विद्यार्थ्याने भाग पाडले.

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते दिवस आठवा. शाळेला सुट्टी होती. मोहल्ल्यातला आठवीचा एक मुलगा मोबाइल घेऊन आमच्या घरी आला. पडद्यावर रात्रीचे काळे आभाळ, त्यात गोळ्यांच्या लाल रेघा, मग एक विमान पेट घेते आणि खाली कोसळते. “सर, ये असली है ना?” त्याने विचारले. आम्ही ते दोनदा पाहिले आणि खरे सांगायचे तर आम्हाला काहीच कळले नाही. पुढे समजले की ते दृश्य कोणत्याही रणांगणातले नव्हते. संगणकावरच्या एका युद्धखेळातले होते. त्या दिवसांत अशी कितीतरी दृश्ये खरी म्हणून फिरली.

कॅमेऱ्याने पाहिले म्हणजे गवाही झाली, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे का? चलच्चित्राचा कॅमेरा युद्धात गेला त्याला आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. पगारी कॅमेरामन गेले, सैनिक गेले, हौशी माणसेही गेली. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ चालवायचा, कुठे तोडायचा हे त्यांचे प्रश्न वरवर तंत्राचे वाटतात. आमच्या मते ते मुळात नीतीचे प्रश्न आहेत. तस्वीर काढणे जायज की नाजायज, या उलेमांच्या जुन्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. ज्याने युद्धात कॅमेरा हाती घेतलाच आहे, त्याची जबाबदारी काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमची लढाई पेटली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण ठार झाले. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅक्डॉवेल हे दोन कॅमेरामन तिथे होते. कॅमेरा लाकडी पेटीसारखा, तिपाईवर उभा, आणि तो चालवायचा म्हणजे हाताने दांडा एकसारख्या गतीने फिरवत राहायचे. जवळ गोळे पडत असताना हाताची गती चुकू द्यायची नाही. खंदकातून उठून शत्रूवर चालून जाणाऱ्या माणसांसमोर असे यंत्र घेऊन उभे राहणे जवळजवळ अशक्य होते. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या चित्रपटात नेमके ते दृश्य आहे. सैनिक खंदकाबाहेर पडतात, एकदोघे कोसळतात. ब्रिटनमध्ये लाखो लोकांनी ते पाहिले. ज्यांची मुले, नवरे आघाडीवर होते त्यांनीही पाहिले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ते दृश्य आघाडीवरचे नव्हतेच. मागच्या बाजूला, प्रशिक्षणाच्या जागी घडवून आणलेले होते.

आता याला खोटे म्हणायचे का? त्या दिवशी माणसे खरोखरच अशी कोसळली, हजारोंनी कोसळली. दृश्यातला आशय खरा, पण दृश्य खोटे. सोपे उत्तर असे की आशय खरा असेल तर बिघडले कुठे? पण गवाहीचा कायदा हे उत्तर मान्य करत नाही. न्यायासनापुढे एखादा म्हणाला, “खून झाला हे खरे आहे, मी तिथे नव्हतो, पण मी पाहिलाच होता असे समजा,” तर काझी त्याला उठवून लावील. खून झालेला असला तरीही. कारण एकदा असा साक्षीदार चालवून घेतला की उद्या न झालेल्या खुनालाही साक्षीदार मिळतील. आणि त्याच चित्रपटात बरेच काही अस्सल आहे. एक सैनिक जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येतो आणि तो जखमी अर्ध्या तासात मरण पावला, असे पडद्यावरची ओळ सांगते. खोट्या दृश्याने खरा अन्याय केला तो अशा खऱ्या दृश्यांवर. त्यांच्याकडेही आता लोक संशयाने पाहतात.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कॅमेरा तिपाईवरून हातात आला होता. ‘आयमो’ नावाचा, घड्याळासारखी चावी देऊन चालणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा सैनिकी कॅमेरामन वापरत. शंभर फुटांचे रीळ एक मिनिटाहून थोडे अधिक चाले. हौशी लोकांसाठी बनवलेली १६ मिलिमीटरची रंगीत फिल्मही लढाईत पोचली. ४ जून १९४२ रोजी मिडवे बेटावर जपानी विमाने आली, तेव्हा हॉलीवूडचे नामवंत दिग्दर्शक जॉन फोर्ड असाच १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन उभे होते. ते त्यात जखमीही झाले. बॉम्बच्या हादऱ्याने चित्र उडाले, चौकट सरकली. स्टुडिओत असा तुकडा कचऱ्यात गेला असता. फोर्ड यांनी तो तसाच ठेवला. तो हादरा हीच त्या कॅमेऱ्याच्या तिथे असण्याची खूण होती.

पण खूण झाली की तिची नक्कलही होते. १९४५ मध्ये आलेला जॉन ह्यूस्टन यांचा ‘द बॅटल ऑफ सान पिएत्रो’ इटलीतल्या लढाईचा माहितीपट म्हणून गाजला. त्यातली लढाईची बरीचशी दृश्ये लढाई संपल्यावर सैनिकांकडून करून घेतलेली होती. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी कॅमेरा हातात धरून, शटरचा कोन बदलून, जुन्या युद्धपटांचा थरथराट मुद्दाम आणला. तो कथापट होता, तसे सांगूनच दाखवलेला. त्याला दोष नाही. पण आमच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरचा तो खेळ? तिथेही चित्र हलत होते, दूर कुठेतरी माणसे ओरडत होती. म्हणजे चित्राचे हलणे हा सत्याचा पुरावा नाही. जखमेचा लेप लावून भीक मागणारा आणि खरा जखमी, दोघांच्या पायाला पट्टी सारखीच असते.

मग पुरावा कशात आहे? याचे उत्तर आम्हाला १९४५ च्या एप्रिलमध्ये सापडते. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्झेन छळछावणीत शिरले. हजारो प्रेते उघड्यावर पडलेली होती आणि त्यांच्यातच जिवंत माणसे होती. तिथे पोचलेले लष्करी फिल्म पथकाचे कॅमेरामन हे सैनिकांतूनच निवडलेले, लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत शिकवून तयार केलेले. त्यांनी जे पाहिले त्यावर जग विश्वास ठेवणार नाही, ही शंका तेव्हाच सर्वांना होती. या चित्रणाचा माहितीपट करण्याचे काम सिडनी बर्नस्टाइन यांच्याकडे होते आणि सल्ला द्यायला आल्फ्रेड हिचकॉक आले. भीतिपटांचे बादशहा. प्रेक्षकाला कसे फसवायचे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? त्यांचा सल्ला मात्र उलटा होता. तुकडे कमी करा. लांब, न तोडलेली दृश्ये वापरा. कॅमेरा एका टोकाकडून सावकाश वळू द्या. आसपासच्या गावांतली प्रतिष्ठित माणसे खड्ड्याच्या काठावर आणून उभी केलेली आहेत आणि कॅमेरा त्यांच्यावरून न थांबता खड्ड्यातल्या प्रेतांकडे जातो. मध्ये कात्री नाही. त्यामुळे ही माणसे एकीकडची आणि ती प्रेते दुसरीकडची, असे कुणाला म्हणता येऊ नये.

फसवणुकीचे तंत्र जाणणाऱ्याने आपले सारे कसब बाजूला ठेवले, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या छावणीत ध्वनिमुद्रणासह काही लोकांचे जबाब घेतले गेले. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला सैनिक आधी तारीख सांगतो, स्वतःचे नाव सांगतो, मग पाहिलेले सांगतो. आणि प्रत्येक रिळासोबत कॅमेरामनने भरलेला कागद असे: कुणी घेतले, कुठे, कोणत्या दिवशी, चित्रात काय आहे.

हे वाचताना आपल्याला कशाची आठवण होते? मुहद्दिसीनांची! हदीस स्वीकारताना त्यांनी नुसता मजकूर पाहिला नाही. कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून ऐकले, तो रावी कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याची सचोटी कशी, दोघांची भेट झाली होती का, हे सर्व तपासले. मजकुराला जोडलेली ही साखळी म्हणजे इसनाद. तिच्यासाठी लाखो माणसांच्या चारित्र्याची चौकशी करणारे अस्माउर्रिजालचे शास्त्र उभे राहिले. बेल्झेनच्या रिळासोबतचा तो कागद म्हणजे त्या चित्राची इसनादच. चित्र म्हणजे मजकूर. साखळी नसेल तर मजकूर कितीही हृदयद्रावक असो, त्याला गवाहीचा दर्जा मिळत नाही.

इथे एक अवघड प्रश्न येतो, तो मय्यतीच्या इज्जतीचा. मय्यतीला गुस्ल देतानाही आपण सतर झाकतो. मग उघड्या प्रेतांचे चित्रण करणे आणि ते जगाला दाखवणे योग्य कसे? फिकहमध्ये एक तत्त्व आहे. निकड असेल तर मना असलेली गोष्टही करता येते. पण निकडीला माप असते आणि त्या मापाबाहेर पाऊल टाकता येत नाही. गुन्हा सिद्ध करण्यापुरते दाखवणे ही निकड. त्यानंतर चेहऱ्याजवळ जाऊन रेंगाळणे, संगीत जोडणे, पुन्हा पुन्हा फिरवणे, हे मापाबाहेरचे. आणि हे माप आपल्या आणि परक्या मृतांना सारखेच हवे. नोव्हेंबर १९४३ मधल्या तरावाच्या लढाईचे चित्रण अमेरिकेत प्रदर्शित करताना आपल्याच सैनिकांची प्रेते दाखवावीत की नाही, हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला आणि त्यांच्या परवानगीनेच ती दाखवली गेली. त्याच चित्रणात जपानी प्रेतेही होती. त्यांच्यासाठी कुणाला परवानगी मागावीशी वाटली नाही. प्रत्येक राष्ट्राचे असेच असते. आपला मृत ही मय्यत, शत्रूचा मृत हा देखावा.

खोटी गवाही जसा गुन्हा, तशी गवाही लपवणे हाही गुन्हा. सूरह बकरामध्ये साक्ष लपवणाऱ्याच्या हृदयाला गुन्हेगार ठरवले आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवर ऑगस्ट १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडल्यावर जपानी कॅमेरामन तिथे गेले. त्यांनी भाजलेल्या माणसांचे, रुग्णालयांचे, भिंतींवर उमटलेल्या सावल्यांचे चित्रण केले. अमेरिकेच्या ताब्यातील प्रशासनाने ते सर्व जप्त करून आपल्या देशात नेले. काही जपानी चित्रपटकर्मींनी धोका पत्करून एक प्रत लपवून ठेवली. मूळ चित्रणाची प्रत जपानला परत मिळाली ती १९६७ मध्ये आणि त्यावरून एरिक बार्नाव यांनी केलेला छोटा माहितीपट अमेरिकेत १९७० मध्ये लोकांसमोर आला. बेल्झेनचा तो माहितीपटही १९४५ मध्येच अर्धवट बाजूला ठेवला गेला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो २०१४ मध्ये पूर्ण केला. कॅमेरामनने आपले काम इमानाने केले. गवाही मात्र कपाटात पडून राहिली.

आता हौशी माणसाकडे येऊ. पगारी कॅमेरामनच्या मागे सैन्य असते, संस्था असते. डोक्यावर सेन्सॉरही असतो. हौशी माणसाला यातले काहीच नाही. वेस्ट बँकेतल्या बिलीन गावचे इमाद बुरनात हे शेतकरी. २००५ मध्ये चौथा मुलगा जन्मला म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. बाळाचे चित्रण करायचे होते. त्याच सुमारास गावच्या जमिनीवर इस्रायली भिंत उभी राहू लागली आणि कॅमेरा बाळावरून भिंतीकडे वळला. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. त्यांच्या माहितीपटाचे नावच ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’. गाय दाविदी या इस्रायली दिग्दर्शकासोबत त्यांनी तो २०११ मध्ये पूर्ण केला. सीरियातल्या अलेप्पो शहरात वाद अल-कतीब ही विद्यार्थिनी मोबाइलवर चित्रण करू लागली. २०१९ च्या ‘फॉर समा’मध्ये तिने वेढ्यातले रुग्णालय आपल्या मुलीसाठी नोंदवून ठेवले आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही, तेव्हा तिथलेच लोक जगाचे डोळे झाले. पुढच्या दोन वर्षांत तिथे दोनशेहून अधिक पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेले.

समोर माणूस मरत असताना चित्रण करावे की हात द्यावा, हा प्रश्न अशा प्रत्येकाला विचारला जातो. एक जीव वाचवणे म्हणजे अवघी माणुसकी वाचवणे, ही आपली शिकवण आहे. म्हणून आम्हाला उत्तर असे दिसते: तुमचा हात हाच एकमेव हात असेल तर कॅमेरा खाली ठेवा. दुसरे हात कामाला लागले असतील तर तुमचे काम गवाहीचे. ‘फॉर समा’मध्ये एका जखमी गरोदर बाईचे बाळ शस्त्रक्रियेने बाहेर काढतात. बाळ निपचित असते. डॉक्टर धडपडतात, कॅमेरा चालू राहतो आणि बाळ रडते. तिथे डॉक्टरांचे हात होते. कॅमेरा धरणारी दुसरी कुणी नव्हती.

अशा गवाहीची किंमत शब्दशः शहादत असू शकते. १७ ऑगस्ट २००३ रोजी बगदादजवळच्या अबू गरैब तुरुंगाबाहेर रॉयटर्सचे पॅलेस्टिनी कॅमेरामन माझेन दाना यांना अमेरिकन रणगाड्यावरच्या सैनिकाने गोळ्या घातल्या. खांद्यावरचा कॅमेरा रॉकेट डागायचे हत्यार वाटला, असे सैन्याने सांगितले. जवळ येणारा रणगाडा त्यांच्याच कॅमेऱ्यात टिपला गेला आहे.

पण कॅमेरा जालिमांच्या हातीही असतो. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्साहून पकडून आणलेल्या सहा बोस्नियन मुस्लिमांना, त्यांत कोवळी मुलेही होती, ‘स्कॉर्पियन्स’ नावाच्या सर्ब तुकडीने त्र्नोवोजवळ ठार केले आणि त्याचे चित्रण स्वतःच केले. बढाई म्हणून, आठवण म्हणून. हा निव्वळ मुशाहिदा. त्यात शहादतीची नियत नव्हती. जून २००५ मध्ये हीच फीत हेगच्या न्यायालयात मिलोसेविच यांच्या खटल्यात दाखवली गेली आणि तिच्यामुळे त्यातले काहीजण तुरुंगात गेले. कयामतच्या दिवशी माणसाचे हातपाय त्याच्याच विरुद्ध बोलतील, हा कुरआनचा इशारा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याची एक झलक याच दुनियेत पाहायला मिळाली.

आता आपल्याविषयी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे पाठवण्याचे बटण आहे. म्हणजे आपण सगळेच रावी झालो. एक कबुली द्यायला हवी. गाझाच्या त्या पहिल्या महिन्यांत ढिगाऱ्यातून काढलेल्या एका मुलाचे दृश्य आमच्याकडे आले. आम्ही रडलो आणि ते वीस-पंचवीस जणांना पाठवले. दोन दिवसांनी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने कळवले की ते सीरियातले आहे आणि बरेच जुने आहे. आमची पहिली प्रतिक्रिया काय होती? “असू दे, तिथेही असेच होत असणार.” नेमके सोमच्या कॅमेरामनचे उत्तर! गाझात खरी मुले ढिगाऱ्यातून निघत होती आणि त्यांच्या गवाहीत आम्ही एक भेसळीचा तुकडा मिसळला होता. ज्यांना ते खरे दृश्य नाकारायचे होते, त्यांच्या हाती आम्हीच बहाणा दिला. शिवाय सीरियातल्या त्या मुलावरही अन्याय केला. त्याचे दुःख त्याच्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावे लावले.

सूरह हुजुरातमध्ये खबर आली की तपासून घेण्याचा हुकूम आहे, कारण नकळत कुणाचे नुकसान होईल. सूरह निसामध्ये त्याहून कठीण अट आहे: गवाही खरीच द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध का जाईना. म्हणजे तपासणी परक्याच्या खबरीची करायची आणि आपल्या बाजूची खबर मात्र डोळे मिटून पुढे ढकलायची, ही सवलत आपल्याला नाही. उलट जे दृश्य आपल्या मनाला सर्वांत पटते, तेच आधी तपासले पाहिजे. आम्ही त्या वीस-पंचवीस जणांना पुन्हा संदेश पाठवला, चूक कबूल केली. काहींनी दाद दिली, काही नाराज झाले. एकाने विचारले, “तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?” आम्हाला वाटते, गवाहाला हा प्रश्न विचारला जाणारच. त्याने बाजू जरूर घ्यावी, मजलूमांची घ्यावी; पण गवाही देताना बाजू बदलू नये आणि शब्दही बदलू नये.

मोहल्ल्यातला तो मुलगा आता नववीत गेला. आजही तो दृश्ये घेऊन येतो. आम्ही त्याला तीन प्रश्न शिकवले आहेत. हे कुणी काढले? कुठे, कधी काढले? आणि याच्या आधीचे, नंतरचे काय कापले असेल? पुष्कळदा तिन्हींची उत्तरे मिळत नाहीत. त्या दिवशी त्याने “असली है ना?” विचारले तेव्हा आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो होतो. खरे तर “मालूम नहीं, बेटा,” एवढेच म्हणायला हवे होते. ज्याने पाहिले नाही त्याने पाहिले नाही म्हणावे, हीदेखील गवाहीच आहे. परवा त्याने एक क्लिप दाखवली, स्वतःच म्हणाला, “सर, इसका पता नहीं चला,” आणि ती पुढे न पाठवता मोबाइल खिशात ठेवला.